निघण्याआधीचं बसणं

मॉस्कोजवळच्या आमच्या कारखान्यात झिनामावशी क्षेपणास्त्राचं तोंड आतून पुसायची. आवाजाहून वेगाने जाताना तिथूनच हवा आत कोंबली जाते आणि इंजिन धगधगत राहतं.

त्या दिवशी तोंडावर झाकण बसवण्याआधी आम्ही सगळे गप्प बसलो. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघण्याआधी सगळे क्षणभर बसतात, तसे. बुटक्या स्टुलावरून मावशीला तोंडातल्या शंकूसारख्या सुळक्यामागे पांढरं काहीतरी दिसलं.

"ग्लेब, थांब. माझं फडकं आत राहिलंय."

"आत्ता सांगतेस?" मुकादम ग्लेब झाकण हातात धरून कुजबुजला. "बाहेर नौदलवाले ते न्यायला उभे आहेत. नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. हवा अडून क्षेपणास्त्र वाटेतच पडलं तर?"

तिने खांद्यापर्यंत हात घातला. बोटं पोचेनात. अखेर फडकं निघालं.

ग्लेब झाकण घेऊन घाईने पुढे झाला.

"आधी बस," मावशी म्हणाली. "मध्येच उठलो, निघणं मोडलं. पुन्हा बसायला हवं."

आम्ही पुन्हा बसलो.