द्राक्षाच्या ब्लोअरवर चालणारी होडी

आमच्या सासरची झेंडूची दोन एकरं पाण्यापलीकडे आहेत. उन्हाळ्यात ती नुसती ओढ्यापलीकडे असतात. चपला हातात घेतल्या की चार मिनिटांत पोचता येतं. पण पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलं की फुगवट्याचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं आणि आमची पायवाट बुडवून टाकतं. खोल म्हणाल तर गुडघाभर, फार तर मांडीएवढं. खाली काळा गाळ, वर पाणवेलींची जाळी. चालत निघालं तर पाय रुततो, रस्त्याने फिरून जायचं तर अकरा किलोमीटर. आणि झेंडू तोडायचा हंगाम नेमका तोच.

मी नाशिकरोडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासू-सासऱ्यांना काय हाक मारायची तेही शिकावं लागलं. सासऱ्यांना मामा, सासूबाईंना आत्याबाई. मामांचा जन्म द्राक्षबागांत औषध फवारायचे ब्लोअर दुरुस्त करण्यात गेलेला. दुरून नुसता आवाज ऐकून ते सांगत, पंख्याचं कुठलं पातं वाकलंय. शेत आत्याबाईंचं. त्या कमी बोलत आणि हसत त्याहून कमी. मला त्यांचा धाक होता. नवरा सातपूरला कंपनीत पाळीवर, त्यामुळे मामांच्या प्रत्येक उद्योगात दुसरा माणूस म्हणून मीच.

तीन वर्षांपूर्वी मामांनी मासेमारी करणाऱ्या एका ओळखीच्याकडून जुनी पत्र्याची होडी आणली. सपाट बुडाची, परातभर पाण्यातही तरंगेल अशी. पहिल्या दिवशी ती बांबूने ढकलायची ठरली. मामा मागे उभे राहिले आणि बांबू गाळात खुपसून त्यांनी जोर लावला. होडी झकास सुटली. बांबू मात्र गाळातून सुटला नाही, आणि मामांनी बांबू सोडला नाही. मी वळून पाहिलं तर पाण्यात बांबू उभा, बांबूला मामा लटकलेले, आणि होडीत मी एकटी.

"मामा, सोडा ना बांबू."

"सोडू कसा? पँट धुतलेली हाय आजच."

बांबू हळूहळू कलत गेला आणि मामा अगदी शांतपणे, बसल्यासारखे पाण्यात गेले.

मग त्यांनी पंपाच्या इंजिनाला लांब दांडा आणि त्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा लावला. दहा हात गेलो असू. पाणवेलींनी पंख्याला असं गुंडाळलं की बाहेर काढला तेव्हा शेवयांचा गोळाच निघाला. ते सोडून मामांनी सायकल आणली. मागच्या चाकाला पत्र्याच्या फळ्या ठोकल्या आणि सायकल होडीच्या डाव्या अंगाला बसवली, कारण उजव्या अंगाला पत्रा गंजलेला होता. मी पेडल मारत होते आणि होडी जागच्या जागी गोल फिरत होती. भोवऱ्यासारखी नाही, जात्यासारखी, संथ आणि ठाम. काठावर आत्याबाई विळा घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक फेरीत एकदा मला त्यांचा चेहरा दिसायचा. सातव्या फेरीला त्या म्हणाल्या, "दळण झालं की सांगा," आणि निघून गेल्या.

त्यांनी केलेली थट्टा मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला इतकं हसू आलं की पेडलवरचा पाय घसरला.

त्यानंतर मामा चार दिवस होडीकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "चूक आपलीच हाय. पंखा पाण्यात घालायचाच कशाला? पाण्यात वेली हायेत. हवेत कुठं वेली?"

भंगारात काढलेल्या एका ब्लोअरचा पंखा त्यांच्याकडे पडून होता, चांगला पाच वर्षांच्या पोरीच्या उंचीचा. तो त्यांनी होडीच्या मागच्या टोकाला लोखंडी चौकटीत उभा केला. पुढे जुनं पेट्रोल इंजिन, मध्ये पट्टा. द्राक्षबागेत हा पंखा औषधाचं धुकं उडवतो. इथे तो मागे वारा फेकणार आणि होडी पुढे जाणार. वळायला पंख्यामागे पत्र्याचे दोन उभे पडदे आणि त्यांना जोडलेली एक दांडी. दांडी डावीकडे ओढली की वारा एकीकडे, होडी दुसरीकडे.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"तुला स्कूटी येते ना? मग झालं."

आम्ही टायरच्या ट्यूब अंगात घातल्या, कानांत कापूस कोंबला. मामांनी इंजिनाची दोरी ओढली. तो आवाज मी काय सांगू? पलीकडच्या बाभळीवरचे सगळे बगळे एकदम उठले. मामांची टोपी पंख्यात गेली आणि मागे तिचे चार तुकडे होऊन पडले. आणि होडी निघाली. वेलींवरून, गवतावरून, इस्त्री फिरावी तशी. खाली पाणी आहे की नुसता चिखल, तिला फरकच नव्हता. माझा पदर, वेणी, सगळं मागे ओढलं जात होतं. मी ओरडत होते, मामा ओरडत होते, आणि कोण काय ओरडतंय ते दोघांनाही कळत नव्हतं.

पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा लक्षात आलं की होडीला ब्रेक बसवलेलाच नाही. लावायचा कसा, याचाही कुणी विचार केला नव्हता. मामांनी इंजिन बंद केलं तरी होडी घसरत राहिली. पाणी संपलं, चिखल संपला, ओलं गवत सुरू झालं, आणि आम्ही सरळ आत्याबाईंच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन थांबलो. आत्याबाई तिथेच निंदत बसल्या होत्या. त्यांनी होडीकडे पाहिलं, कोथिंबिरीकडे पाहिलं.

"ही जमिनीवर बी चालते का?"

"ओल्या जमिनीवर," मामा म्हणाले.

"मंग पार झेंडूपोत्तर न्यायची. इथं कशाला थांबले?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी खरी परीक्षा होती. ऊन वर आलं तेव्हा झेंडूचे बारा क्रेट तोडून तयार होते, शिगोशीग भरलेले. अलीकडच्या काठावर नाशिकच्या फुलबाजाराला जाणारा टेम्पो उभा होता, टेम्पोवाला आणि गावातली आठदहा माणसं तमाशा बघायला जमली होती. आत्याबाई पहिल्यांदाच होडीत बसायला तयार झाल्या. फुलं आपली आहेत, ती आपल्यासोबतच जातील, असं त्यांचं म्हणणं. क्रेट मागच्या बाजूला रचले, पंख्याच्या अगदी पुढे, म्हणजे वजन मागे राहील.

पंखा मागे वारा फेकतो म्हणजे पुढून तो ओढतो, एवढी साधी गोष्ट आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. पुढची जाळी गंजली म्हणून मामांनी आधीच काढून टाकली होती.

अर्ध्या पाण्यात आल्यावर मी वेग वाढवला. वरच्या क्रेटमधलं एक फूल उठलं आणि पंख्यात गेलं. मग दुसरं. मग पूर्ण क्रेटच उकळायला लागला. फुलं रांग लावून पंख्यात शिरत होती आणि मागे पाकळ्यांचा फवारा उडत होता, केशरी, पिवळा, केशरी. मी वळून बघताना दांडी ओढली गेली, त्यामुळे होडी मोठं वळण घेत काठाच्या बाजूने फिरली आणि तो सगळा फवारा काठावरच्या माणसांवर, टेम्पोवर आणि पाण्यात बसलेल्या चार म्हशींवर जाऊन पडला. म्हशी हलल्या नाहीत. शिंगांवर झेंडू घेऊन बसून राहिल्या.

मामांनी इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली. पाकळ्या अजून हवेतून खाली येत होत्या. दोन क्रेट रिकामे होते. मला आत्याबाईंकडे पाहायची हिंमत होत नव्हती. मग मला बारीक आवाज आला, किटलीचं झाकण थरथरावं तसा. आत्याबाई हसत होत्या. तोंडाला पदर लावून आधी, मग पदर सोडून, मग क्रेटला धरून. त्यांना बोलता येत नव्हतं. त्या नुसत्या म्हशींकडे बोट दाखवायच्या आणि पुन्हा वाकायच्या. मग मामा सुटले, मग मी. काठावर टेम्पोवाला डोक्यावरून पाकळ्या झटकत विचारत होता, "वहिनी, बाकीचा माल सुट्टाच पाठवताय का?"

उरलेल्या दहा क्रेटवर मामांनी शेडनेटचं कापड बांधलं आणि माल वेळेत गेला. संध्याकाळपर्यंत पंख्याला पुढून मागून जाळी बसली. त्या हंगामात झेंडू आम्ही त्याच होडीने आणला, दुसऱ्यातही आणि तिसऱ्यातही. आवाजाबद्दल गावाची तक्रार असते. म्हणून सकाळी आठच्या आधी आणि शाळा भरल्यावर आम्ही ती चालवत नाही.

दसऱ्यानंतर आत्याबाई माझ्याशी बोलायला लागल्या. आणि एक दिवस त्यांनी दांडी मागितली. मी दोन दिवस शेजारी बसून शिकवलं. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तू उतर आता. तुझ्यानं जड होते."

त्या पहिल्याच वर्षीच्या भाऊबीजेला त्यांनी सकाळीच जाहीर केलं की माहेरी बसने जायचं नाही. त्यांचे धाकटे भाऊ याच फुगवट्याच्या वरच्या टोकाला राहतात. एसटीने दोन गाड्या बदलाव्या लागतात. पाण्याने काठाकाठाने अर्धा तास. मी ओवाळणीचं ताट मांडीवर झाकून पुढे बसले. आत्याबाई मागे, नव्या लुगड्याचा काष्टा मारून, कानांवर मफलर घट्ट बांधून. मामांना त्यांनी घरीच ठेवलं.

भाऊ साठीच्या पुढचे, गुडघेदुखीवाले. आवाज ऐकून ते काठीवर टेकत काठाला आले होते. होडी काठाला लागताच त्यांनी काठीने तिचा पत्रा ठोकून पाहिला.

"अक्का, हे काय गं?"

"बस. दावते."

"आधी ओवाळ तर."

"मागून ओवाळीन. बस म्हनते ना."

ताट माझ्या हातात राहिलं आणि मी काठावर. त्यांनी भावाला पुढे बसवलं, त्याची काठी माझ्याकडे फेकली आणि दोरी ओढली. लहानपणी ही दोघं याच पाण्यात म्हशी धूत असत, असं नंतर जेवताना कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की एक पांढरा फेटा आणि एक हिरवं लुगडं वेलींवरून सुसाट लांब चाललंय, वळतंय, परत येतंय, आणि उतरायचं नाव घेत नाहीये.