वहिनीचे तळहात

वहिनीबद्दल तिच्या दिराला खरं तर फारसं माहीत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. थोरला भाऊ गेल्यापासून दोघं मिळून लाँड्री चालवत होते. ती टेबलामागे इस्त्री करायची, तो पुढे कपडे घ्यायचा-द्यायचा. पण भाऊ गेला तेव्हा ती कधी रडली का, हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं. विचारायचा धीरच झाला नाही.

स्तनाच्या कॅन्सरवरच्या पहिल्या किमोने तिचे हाल केले होते. केस गेले, अन्नाचा वास नकोसा झाला, वर हृदय अशक्त झालं. काही वर्षांनी दुखणं उलटलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी तेच औषध नव्या रूपात द्यायचं ठरवलं. तो बाहेर बाकावर बसला होता. ती आतून हसतच आली.

"भावजी, आता औषध चरबीच्या कुप्यांत भरून देतात म्हणे. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या बारीक. नॅनो की काय. वाटेत न सांडता थेट गाठीपाशी. आपल्यासारखी घरपोच सेवा!"

"आणि केस?"

"तुमच्यापेक्षा तरी जास्तच राहतील."

आणि खरंच, ना उलटी, ना चक्कर. थोड्याच दिवसांत ती टेबलामागे उभी राहिली. दिराच्या जिवात जीव आला. पुढे ती हातांना फडकं गुंडाळू लागली, तेव्हा इस्त्रीची मूठ तापत असेल, असं तो धरून चालला.

मग एका गिऱ्हाइकाने पांढरा शर्ट आणून आपटला. खांद्यावर तांबूस डाग होता. दिराने तिला फडकं सोडायला लावलं. तळहात लालभडक झाले होते, कातडी सोलून निघाली होती, पेरांत भेगा पडल्या होत्या.

डॉक्टरबाई भडकल्या. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! हे औषध हृदयाला जपतं, पण तळहातांत, तळपायांत झिरपतं. उष्णता नको, घासणं नको. आणि तुम्ही इस्त्री फिरवताय?" हात बरे होईपर्यंत औषध बंद झालं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर इस्त्रीला हात लावू दिला असता?"

"नसता."

"मग झालं तर." थोडं चालून गेल्यावर ती म्हणाली, "बरं वाटत होतं हो, भावजी. कितीतरी दिवसांनी. बरं वाटत असताना घरी बसून काय भिंतींशी बोलू?"

एवढं ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती. 

इस्त्री त्याने हाती घेतली. ती स्टुलावर बसून टोमणे मारायची, "शर्ट आहे तो, शत्रू नाही. हळू!"

तिच्या हातांच्या जखमा भरून आल्या, पण तोवर दुखणं यकृतात पोचलं होतं. पुन्हा कमी मात्रेत दिलेलं औषध लागू पडलं नाही. खंड पडला नसता तरी कदाचित हेच झालं असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या 'कदाचित'ने त्याची झोप उडवली.

शेवटच्या दिवसांत तो वॉर्डात गेला, तेव्हा चादरीवर तिचे हात होते. नवी, गुलाबी कातडी. हात लावावासा वाटला, लावला नाही.

"काही हवंय का?"

"नको. दुकान कुणावर टाकून आलात?"

"बंद करून आलोय."

"भर दुपारी? जा, लोक ताटकळतील."

"जातो."

"इस्त्रीचा प्लग काढलाय ना?"

"काढलाय, वहिनी."