मागणीनुसार जावयाची निंदा

जावयाबद्दल वाईट बोलायचं नाही, हा आमच्या घरातला अलिखित नियम. बोलायचंच झालं तर तो झोपल्यावर, स्वयंपाकघराचं दार लोटून, आणि तेही "तसा स्वभावाने गरीब आहे हो" अशी प्रस्तावना करून. त्यामुळे मुलीने एका शनिवारी संध्याकाळी अमेरिकेतून व्हिडिओ कॉल करून, "बाबा, ह्याच्याबद्दल खरं-खरं लिहून द्या, गव्हर्नमेंटला पाठवायचंय," असं सांगितलं तेव्हा बायकोने हातातली गाळणी ओट्यावर ठेवली आणि मोबाइलच्या इतकी जवळ आली की पलीकडे फक्त तिचं कपाळ दिसत असावं.

"काय केलंय त्यांनी?"

त्याने काही केलं नव्हतं. केलं होतं ते लग्न, आणि ते आमच्याच मुलीशी, आमच्याच देखत.

झालं होतं असं. जावई मूळचा नागपूरचा, पण बरीच वर्षं अमेरिकेत राहून तिथला नागरिक झालेला. त्याच्याशी लग्न केल्यामुळे मुलीला तिथे राहायचं कार्ड मिळालं, पण दोन वर्षांचं आणि अटीचं. दोन वर्षं संपता संपता दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि हे लग्न कार्डासाठी नाही, संसारासाठी केलंय, हे पटवून द्यायचं. पटलं की अट निघते, कार्ड पक्कं होतं. अर्ज वेळेवर गेला. तो पोचल्याचा कागद आला, त्याने जुन्या कार्डाची मुदतही वाढली, आणि मग सगळं सामसूम. मुलगी वेबसाइटवर जाऊन आणखी किती थांबावं लागेल त्याचा अंदाज बघायची. तो अंदाज आमच्या मस्कतमधल्या, अझैबातल्या बिल्डिंगच्या लिफ्टसारखा होता. खाली येतोय असं वाटेपर्यंत मध्येच वर निघून जायचा.

मी तिला धीर द्यायचो. "अगं, आम्ही मस्कतात पंचवीस वर्षं अटीवरच राहतोय. दर दोन वर्षांनी रक्त द्यायचं, बोटांचे ठसे द्यायचे, नवं कार्ड घ्यायचं, यल्ला, चला, पुढची दोन वर्षं!" हे विचार माझे नव्हते. गाला भागातल्या आमच्या पंपांच्या फर्ममध्ये व्हिसाची कामं करणारा एक ओमानी मंदूब आहे, त्याचे होते. त्याला मुलीची गोष्ट सांगितली तर तो आमच्या गल्फच्या हिंदीत म्हणाला, "तेरा कार्ड तो कभी पक्का हुआ ही नहीं. तू कभी रोया?" मग थोडं थांबून म्हणाला, "लेकिन शादी का सबूत? मेरी बीवी से माँगेंगे तो वो मना कर देगी."

पण आता धीर देणाऱ्याचीच मुदत संपत आली होती. मार्चअखेर माझी नोकरी संपणार, नोकरीबरोबर कार्ड संपणार, आणि फ्लॅट रिकामा करून आम्ही पुण्याला जाणार. मुलगी चार वर्षांची असल्यापासून याच फ्लॅटमध्ये वाढलेली. तिचं म्हणणं एवढंच, की एकदा येऊन जाऊ दे. "माझी रूम पॅक करू नका हं. मी आले की मीच करणार." तिकीट काढायच्या बेतात असतानाच तिकडून निरोप आला, की दिलेले पुरावे अपुरे आहेत, आणखी द्या. त्यांच्या वकीलबाईंनी सांगितलं, आधी उत्तर, मग प्रवास. म्हणजे उत्तर रेंगाळलं तर मार्च जाणार, आणि मार्च गेला की मुलीला यायला मस्कतात घरच उरणार नाही.

भाड्याचा करार, बँकेचे कागद, फोटो ही त्यांची बाजू ती दोघं बघणार होती. शिवाय दोघांना जवळून ओळखणाऱ्या माणसांनी आपण काय पाहिलं ते लिहून द्यायचं होतं. तेवढं आमच्याकडे आलं.

लिहिणं म्हटल्यावर मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. आयुष्यभर इंग्रजीत मी एकच गोष्ट लिहिली आहे, पंपांची कोटेशनं. शिवाय मुलीसाठी स्थळं बघताना भरपूर बायोडेटा वाचलेले. या दोन्हींचा जो संगम झाला तो मला तरी अप्रतिम वाटला. मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ, घराणं सुशिक्षित. सदर जोडपं टिकाऊ आणि विश्वासार्ह असून लग्नापासून आजवर एकही तक्रार नोंदवली गेलेली नाही. दोघांत कधी आवाज चढलेला आम्ही ऐकलेला नाही. शेवटी सवयीने 'आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत' असंही टाकलं. बायकोला वाचून दाखवलं. तिचे डोळे भरून आले. पाठवलं.

दोन दिवसांनी फोन.

"बाबा, वकीलबाई खूप हसल्या."

"भाषा आवडली का?"

"नाही. त्या म्हणाल्या, वडिलांनी हे लग्न विकायला काढलंय का?"

मागून जावयाच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, हे मला नंतर कळलं.

"अहो बाबा, इतकं परफेक्ट असलं की फेक वाटतं. तुम्ही आणि आईने जे बघितलंय ना, तेच लिहा. नॉर्मल. आमची भांडणंबिंडणं."

"भांडणं?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो. "छे! आम्हाला काही माहीत नाही हं!"

"आई, प्लीज. तू दर वेळी म्यूट करून ऐकत असतेस."

फोन ठेवल्यावर बायको सोफ्यावर बसली आणि निक्षून म्हणाली, "जावयाची निंदा माझ्याच्याने होणार नाही. तीसुद्धा सरकारदरबारी! धोंड्याच्या महिन्यात ज्यांच्या हातावर अनारसे ठेवले, त्यांच्या विरुद्ध मी साक्ष देऊ?"

"विरुद्ध नाही गं, बाजूने."

"बाजूने निंदा?"

"हो."

तिने उठून हॉलचं दार लोटलं. मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "तसे स्वभावाने गरीब आहेत हो…"

मी लगेच कागद ओढला. प्रस्तावना झाली होती, म्हणजे आता मजकूर येणार.

आणि आला! लग्नापासून बांधलेलं धरण फुटलं म्हणा. आमटीत गूळ पडला की ते ताटाकडे कसे बघतात. कपाटं उघडतात ती लावत नाहीत. आपली पोरगी मीटिंगमध्ये असताना हे मागून मिक्सर लावतात आणि मग ती हेडफोन फेकते. मी म्हटलं, "अगं, हळू, मला लिहू दे." ती म्हणाली, "आणि एसी!"

एसी म्हटल्यावर मीही पेन खाली ठेवलं. तो आम्हा दोघांचा सामाईक घाव होता.

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा मस्कतला आली ती जूनमध्ये. मस्कतच्या जूनमध्ये माणसं पार्किंगपासून दुकानापर्यंतही पळत जातात. आमचा जावई हॉलमध्ये आला, रिमोट उचलला आणि एसी बंद केला. खिडकी उघडून म्हणाला, "बाबा, नागपूरपुढे हे काहीच नाही. वारा किती छान आहे!" तो वारा नव्हता. खालच्या लाँड्रीतली वाफ होती. पण जावई पहिल्यांदा घरी आलेला. मी सदऱ्याने कपाळ पुसत म्हणालो, "हो हो, अगदी समुद्राचा आहे." बायकोने पुरणपोळ्या केल्या, त्या तिने ओट्याशी उभ्याने, घामाने भिजून केल्या. त्या आठवड्यात आम्ही दोघं जावयाच्या नकळत आलटून पालटून गाडीत जाऊन बसायचो, एसी लावून. शेजाऱ्यांना वाटलं आमचं बिनसलंय. मुलगी मात्र काही आमच्यासारखी नाही. रात्री तिच्या खोलीतून एसी सुरू झाल्याचा आवाज यायचा, मग बंद झाल्याचा, मग सुरू, मग "अरे यार!" मग बंद.

तिकडे अमेरिकेतही तेच, फक्त उलटं. बाहेर बर्फ असला तरी हा हीटर बंद करतो. निसर्गात ढवळाढवळ केलेली त्याला खपत नाही. म्हणून दर शनिवारी आम्हाला कॉलवर एकाच सोफ्यावर दोन ऋतू दिसतात. डावीकडे मुलगी स्वेटर आणि माकडटोपीत, उजवीकडे जावई बनियनवर.

हे सगळं मी जसंच्या तसं लिहिलं. गुळापासून माकडटोपीपर्यंत. टिकाऊ वगैरे शब्द नाहीत, सकारात्मक प्रतिसाद नाही. शेवटी मात्र काय लिहावं कळेना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "लिहा, की इतकं असून पोरीने एकदाही 'आई, मी येते तिकडे' असा फोन केलेला नाही." तेच लिहिलं, दोघांनी सह्या केल्या आणि पाठवून दिलं.

वकीलबाई या वेळी हसल्या नाहीत. "हे चालेल," म्हणाल्या. उत्तर गेलं, आणि मुलीने तिकीट काढलं.

तेव्हा कुठे बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, हे सगळं त्यांच्या फायलीत जाणार ना? म्हणजे त्यांनी ते वाचलं असणार!"

मी इतकी वर्षं कोटेशनं पाठवली, पण ती पंपाला वाचून दाखवायची वेळ कधी आली नव्हती. पुढच्या शनिवारी जावई कॉलवर आलाच नाही. "कामात आहे," मुलगी म्हणाली. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. बायकोने जेवण कमी केलं. "तोडलंत तुम्ही. त्यांना सुट्टी नाही म्हणतेय, एकटीच येणार म्हणतेय. एकटी आली तर ते अमेरिकेचे लोकही म्हणतील, भांडून माहेरी गेली!" मी इन्शाल्ला सगळं ठीक होईल म्हणालो. मंदूबाच्या तोंडी तो शब्द फार भारदस्त वाटतो. माझ्या तोंडून तो निव्वळ घाबरल्यासारखा निघाला.

मार्चमध्ये आम्ही एअरपोर्टवर जाळीपाशी उभे. मुलगी बाहेर आली. तिच्यामागे ट्रॉली ढकलत जावई. सरप्राइज होतं म्हणे, सुट्टी मिळवण्यासाठी तो शनिवारीही काम करत होता. त्याने वाकून नमस्कार केला. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होतो. चेहऱ्यावर काही नाही. गाडीत बसल्यावर त्याने पुढे हात केला, एसीची कळ फुल्लवर फिरवली आणि नम्रपणे विचारलं, "बरा आहे ना बाबा, वारा?"

मुलगी इतकी हसली की मी एक वळण चुकलो.

तिला तिची रूम जशीच्या तशी मिळाली. पहिल्या दिवशी तिने काहीच पॅक केलं नाही. शाळेत असताना करायची तसा एसी अगदी गार केला आणि भर दुपारी रजई घेऊन झोपली. आई नेहमी ओरडायची त्यावर. या वेळी आई दारात उभी राहून बघत राहिली, आणि रजई पायावर नीट करून आली.

तिसऱ्या दिवशी जावई माझ्याबरोबर भांड्यांचे खोके बांधत होता. ऊन तापायला लागलं होतं. दोन-अडीच दिवस बिचाऱ्याने दम काढला होता. पण सवयच ती, हात आपोआप रिमोटकडे गेला. एसी बंद. "काम करताना घाम आलेला बरा असतो, बाबा," तो म्हणाला. मी नेहमीप्रमाणे "हो हो" म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात स्वयंपाकघरातून बायको आली, हातात कढई.

"अरे, दे इकडे तो रिमोट! आम्ही म्हातारी माणसं मरायची का आता? आणि ती कपाटं लाव आधी सगळी!"

बायको स्वतःच दचकली होती. कढई तशीच हातात. जावयाने उठून रिमोट दोन्ही हातांनी तिला दिला, मग एकेक करून सगळी कपाटं लावली, आणि म्हणाला, "आई, हे गव्हर्नमेंटला कळवायचं राहिलंच."

त्या संध्याकाळी आमटीत गूळ होता. त्याने तोंड वाकडं केलं, आणि बायकोने त्याला सरळ "खा मुकाट्याने" म्हटलं. अनारशांच्या वेळीही तो इतका खूश दिसला नव्हता.

आता आम्ही पुण्यात आहोत. मुलीची अट अजून निघालेली नाही. ती लिफ्ट वर-खाली करतेच आहे. शनिवारी कॉल येतो, डावीकडे माकडटोपी, उजवीकडे बनियन. बायको म्हणते, "अरे, हीटर लाव, पोर गारठलीये," आणि तो कुरकुरत उठून लावतो. मग कॉल संपला की ती माझ्याकडे वळून म्हणते, "आज बघितलंत ना, मागच्या ओट्यावर पसारा? लक्षात ठेवा. परत मागितलं तर आयत्या वेळी आठवत नाही."