वरून घातलेलं पाणी

"मावशी, बघ ना गं, हा डोळेच उघडत नाही!" ओरडतच मी शेजारच्या दारात धावले. माझा ओम, आठ महिन्यांचा, सकाळपासून जुलाब, डोळे आत गेलेले, रडतोय पण आवाजच नाही. मावशीने एक शब्द विचारला नाही. तिच्याकडच्या उकळून गार केलेल्या पाण्यात जुलाबावरचं ओआरएसचं पाकीट कालवलं, वाटी-चमचा माझ्या हातात कोंबला, मला ओढतच रिक्षात बसवलं. वाटभर एकच बोलत होती, "थांबा नको गो, पाजीत ऱ्हव."

वाकोल्याच्या आमच्या चाळीत तिला सगळे उकळीमावशी म्हणायचे. बाकीचे विचारतात जेवलीस का, ही विचारायची, "उकळी इली काय गो?" नळ आला की पहिलं पाणी सोडून द्यायची, मग तांब्याभर घेऊन वास घ्यायची. आमचा पाइप गटाराला चिकटूनच जातो ना. हंड्यात कोणी हात घातला तर पाणी काढायचा दांड्याचा डाव घेऊन मागे लागायची. सगळे हसायचे, मी पण हसायचे, पण ओमचं पाणी मात्र रोज खळखळून उकळायचे. मग हा आजारी पडलाच कसा?

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. ओमला घेऊन घरी आलो तर अर्धी चाळ बघायला जमलेली, आणि मावशी गॅससमोर पाट टाकून बसली. "तू तुझा काम कर. मी नुसती बघतंय."

मी पाणी उकळून उतरवलं. ओमने भोकाड पसरलं. सासू धावली, तिचा भारी जीव त्याच्यावर. पाण्याला बोट लावलं, चटका बसला, म्हणून हंड्यातलं अर्धा पेला नळाचं पाणी तिने वरून घातलं. कोमट करायला. रोज घालायची म्हणे, मला पत्ताच नाही!

मावशीने उठून सगळं पाणी मोरीत ओतलं.

सासू पेटलीच. "आमची पोरं हेच पाणी पिऊन वाढली!"

"वाढली ती दिसतत गो शांते," मावशी म्हणाली. "गेली ती खंय दिसतत?"

सासूची पहिली मुलगी अशीच जुलाबात गेली होती, माझ्या नवऱ्याच्या जन्माआधी. तिचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही. सासूने स्वतः पातेलं घासलं, पाणी ठेवलं, उकळलं, वर झाकण घातलं आणि म्हणाली, "गार होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

आता ओम चाळभर पळतो, पकडून दाखवा! तेव्हापासून एकदा पण जुलाब नाही. त्या झाकणावर पहारा सासूचाच, नवऱ्याने नुसता पेला उचलला तरी खेकसते. मावशी मानखुर्दला लेकीकडे राहायला गेली, तेव्हा तिची पिशवी धरून रिक्षापर्यंत सासूच गेली.

चाळीत अजून म्हणतात, चारचौघांत मावशीने त्या गेलेल्या मुलीचं काढायला नको होतं. असेल. पण त्या दिवशी पातेलं समोर होतं, ओम माझ्या कडेवर होता. तुम्ही असता तर बोलला असता, की गप्प बसला असता?