संजनाच्या रक्तातलं चुकलेलं अक्षर

“तुमच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे,” पेणचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे शरीरात रक्त नीट न बनण्याचा, जन्मानेच आलेला आजार. संजना तेव्हा वर्षाचीही नव्हती. माझ्या बायकोच्या, सुलभाच्या मांडीवर मलूल पडली होती.

दूध पिताना ती दमायची, ओठ पांढरट दिसायचे. रोह्यात लोहाचं औषध दिलं, गुण आला नाही. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करायला पाठवलं. रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे, ते या तपासणीत कळतं. आम्हा दोघांचंही रक्त घेतलं होतं.

मी धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला. ते ऐकून डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. पेशीतल्या डीएनएमध्ये प्रत्येक प्रोटीन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. कंपनीचा मूळ फॉर्म्युला ऑफिसातून हलत नाही, तसा डीएनए पेशीच्या केंद्रकातच राहतो. त्याची नक्कल बाहेर नेतो तो आरएनए. ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते आणि त्याप्रमाणे अमिनो आम्लं जोडत प्रोटीन तयार होतं. हिमोग्लोबिनही असंच बनतं.

“तुम्हा दोघांच्याही डीएनएत हिमोग्लोबिनच्या फॉर्म्युल्यात एक अक्षर चुकलेलं आहे,” ते म्हणाले. “प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमची दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून तुम्ही धडधाकट. मुलीला दोघांकडूनही चुकलेलीच प्रत आली.”

दर महिन्याला रक्त चढवणं सुरू झालं. माझ्या शिफ्टमधले सोबती पाळीपाळीने रक्त द्यायला यायचे. संजनाच्या गालांवर रंग आला.

निडीजवळच्या आमच्या घरी मात्र आईला हे पटेना. सुलभा पेणच्या खाडीकडची, मिठागरवाल्यांची लेक. हा रोग सुनेच्या माहेरचा, असं आई चारचौघींत बोलायची. सुलभाने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एकदा वाल सोलताना तिने आईला सगळं समजावलं आणि शांतपणे म्हणाली, “एकट्या माझ्याकडून आलं असतं, तर पोरीला हा आजार झालाच नसता. तुम्हीपण रक्त तपासून घ्या.”

आई तपासणीला गेली. तोच दोष तिच्यात निघाला. तिच्याकडून तो माझ्यात आला होता आणि माझी धाकटी बहीण वंदना, तिच्यातही. त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. माणूस निरोगी असतो, पण दोष पुढे देऊ शकतो. त्यानंतर आईने सुलभाच्या माहेराला बोल लावणं सोडलं.

वंदनाला रामवाडीचं स्थळ आलं. नातेवाइकांनी बजावलं, हे बाहेर काढू नका, लग्न मोडेल. बैठकीत पाहुण्यांना चहा दिल्यावर आईच बोलली.

“आमच्या घरात रक्ताचा दोष हाय. माझ्यातपण हाय. पोराचं रक्त तपासा, मग बोलू. लपवायचं नाय मला.”

मग मुलगाच म्हणाला की तो उद्याच तपासून घेईल. त्याचं रक्त निर्दोष निघालं आणि लग्न झालं.

संजना आता शाळेत जाते. रक्त चढवावंच लागतं, त्या रक्तामुळे शरीरात साठणाऱ्या लोहावर औषधही लागतं. आजार गेलेला नाही. पण घरातल्या या दोन बायकांचा मला फार अभिमान वाटतो.

हल्ली आई संजनाबरोबर हॉस्पिटलात येते. बाकावर एखादी नवी, घाबरलेली आई दिसली की तिच्याजवळ जाऊन बसते आणि सांगते, “घाबरू नको गो. आधी दोघांचं रक्त तपासा. आणि तुला एकटीला कुणी बोल लावला, तर त्याला माझ्याकडे पाठव.”