हजेरीपटाबाहेरची

दोन हजार सहाच्या आसपास मी अर्जुनी मोरगावकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, हातातलं काम टाकून, केशोरीचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलीला डाउन सिंड्रोम होता. लेखनिक घेऊन, दुसऱ्या खेपेला का होईना, ती बारावी पास झाली होती आणि आता तिला बी.ए. करायचं होतं. हे वडिलांनी नाही, तिनंच सांगितलं. सावकाश, जड जिभेनं, पण सगळं.

प्राचार्यांनी मला आत बोलावलं. ही नापास होणार, निकाल घसरणार, शिवाय लेखनिक कोण शोधणार, असं त्यांचं म्हणणं. तोंडावर नाही म्हणायचा वाईटपणा मात्र त्यांना नको होता. मलाही नको होता. तोडगा मी काढला. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी तो प्राचार्यांच्या नावावर खपवला. मुलीला वर्गात बसू द्यायचं, प्रवेशाचा फॉर्म भरायचा नाही. वडिलांना म्हणालो, कागदांचं मी बघतो. त्यांनी विश्वासानं हात जोडले आणि परत रोवणीला गेले.

वर्षभर ती एसटीनं आली. हजेरीची यादी संपली की शेवटी मी तिचं नाव पुकारायचो, नुसतं तोंडानं. ती उभी राहून "हजर सर" म्हणायची. पोरं हसली तर मी त्यांना झापायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो. एकदा रोवणीवरची कविता शिकवली, तेव्हा ती म्हणाली की या कवीनं रोवणी केलेली दिसत नाही, यात कंबर दुखणं कुठंच नाही. इतक्या वर्षांत ते मलाही सुचलं नव्हतं. मी "छान" म्हणालो आणि पुढच्या कडव्याकडे वळलो.

उन्हाळ्यात ऑफिसच्या खिडकीवर हॉल तिकिटं वाटली. ती नवा ड्रेस घालून रांगेत उभी होती. बाबूनं यादी दोनदा पाहिली आणि तिला माझ्याकडे पाठवलं.

"सर, माहं नाव काऊन नाही?"

मी म्हणालो, पुढच्या वर्षी नक्की. वेळ मारून नेण्यात माझा हात कोणी धरला नसता. ती तशीच बसस्टँडकडे गेली.

दुसऱ्या दिवशी वडील आले. पेपर कठीण असतात, नापास झाली असती तर खचली असती, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बारावीत एक डाव नापासच झाली होती ना, सर. दोन दिवस रडली, मंग पुस्तक घेऊन बसली. तुमी त तिले नापास बी होऊ नाही देलं."

ती पुन्हा कॉलेजात आली नाही. लेखनिक, जादा वेळ, या सवलती विद्यापीठातही होत्या. एका फोनवर कळलं असतं, पण तो फोन मी केला नाही. शरम वाटली तेव्हा फार उशीर झाला होता.

पाच-सहा वर्षांनी केशोरीच्या बाजारात ती दिसली. आईच्या शेजारी बसून वांगी तोलत होती. मला पाहून इतकी हसली की मला पळ काढावासा वाटला. समोरच्या गिऱ्हाईक बाईला तिनं कौतुकानं सांगितलं, हे माहे सर, मी यायच्या कॉलेजात जात होती. बाईनं सहज विचारलं, मग पास झाली का?

"परीक्षा नाही देली," तराजूवरची नजर न काढता ती म्हणाली. "सरनं माहा फॉर्म नाही भरला."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाई माझ्याकडे पाहू लागली. माफी मागायला याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती. मी अर्धा किलो वांगी मागितली.