उंबऱ्यापर्यंतचं अंतर

आबा जन्मात एकदाही विमानात बसले नाहीत. पण आमच्या मसुरे गावातल्या कुणाची मुलगी मेलबर्नहून निघाली, कुणाचा जावई ह्यूस्टनला चालला, की अंतर आणि वेळ विचारायला लोक त्यांच्याच पडवीत यायचे. आयुष्य मालवाहू बोटीवर काढून गावी परतलेला हा आमचा शेजारी. त्यांच्याकडे पृथ्वीचा एक गोल होता. त्यावर दोन विमानतळांमध्ये ते दोरा ताणून धरायचे, मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवून, पुरा फेरा चाळीस हजार धरून, किलोमीटर सांगायचे. मुंबई ते टोरंटो साडेबारा हजार. मोबाइलवर ताडून पाहिलं तर फरक शे-दोनशेचा.

एकदा शाळेतले गुरुजी भिंतीवरचा नकाशा घेऊन आले आणि म्हणाले, यावर टोरंटो सरळ पश्चिमेला दिसतं, मग तुमचा दोरा असा उत्तरेच्या बर्फावरून का जातो? आबा हसले. "गुरुजी, सपाट नकाशार भरवसो ठेवून दर्यात गेलो तो परत येवचो नाय."

वेळेच्या बाबतीत मात्र ते मोबाइललाही जुमानत नसत. "ईमान किती तास उडता तां माका सांगू नको. उंबऱ्यार पाय कधी पडतलो तां सांग." मग ते रांगा, सामानाचा पट्टा, मुंबईतला खोळंबा, मोपा विमानतळावरून गावापर्यंतची गाडी, वाटेत सावंतवाडीला चहाला थांबणारा ड्रायव्हर, सगळं धरायचे. त्यांच्या शब्दावर बायका मासे तळायला घ्यायच्या.

तीन वर्षांपूर्वी आईचं दुखणं एकाएकी वाढलं. मी टोरंटोत. माझ्याकडे सकाळ, गावात संध्याकाळ. रात्र निघणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले होते. मामा फोनवर ओरडला, मिळेल ते विमान पकड. मी टॅक्सी बोलावली. तेवढ्यात आबांनी त्याच्या हातून फोन घेतला.

"छत्तीस तास लागतले, बाय. आवशीकडे तितके नाय. आता निघालंस तर अर्धो वेळ रांगेत आणि उरलेलो आभाळात जातलो. थयसून तुझो आवाज येवचो नाय. तिका अजून आयकाक येता. आज ईमान सोड. बोल."

मला त्यांचा भयंकर राग आला. लेकीला आईकडे येऊ नको म्हणणारे हे कोण? पण त्यांचं गणित चुकत नाही हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच रडू फुटलं. टॅक्सी परत पाठवली.

दोन-अडीच तास आबांनी फोन आईच्या कानाशी धरून ठेवला. मध्येच ती बोले, मध्येच नुसता श्वास ऐकू येई. "जेवलंस गो?" असं तिने विचारलं. कोकमाच्या सोलांना मीठ किती लावायचं ते सांगितलं. परदेशी निघताना मी तिच्याशी भांडले होते, त्याची माफी मागितली, तर म्हणाली, "तां मी कधीच इसारलंय."

पहाटे ती गेली. निघाले असते तर त्या वेळी मी विमानात असते.

तिसऱ्या दिवशी घरी पोचले. आबा समोर आले. मी म्हटलं, "उशीर झाला, आबा."

"नाय गो. वेळेर पोचलंस."

मग त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं सांगितलं. त्यांची आई गेली तेव्हा त्यांची बोट ब्राझीलच्या वाटेवर होती. तार हाती पडली तोवर बारावं उलटून गेलं होतं.

गेल्या वर्षी आबाही गेले. आता टोरंटोत आमच्या मराठी मंडळींपैकी कुणाला गावाहून तसा फोन आला, की मी त्याला आधी तिकीट शोधू देत नाही. अगोदर बोलून घे म्हणते. माणसं माझ्यावर चिडतात. चिडू देत.